नंबर कंपनीचा नव्हे

२०२४ च्या जुलैत मोबाईलचे दर वाढले आणि त्या वर्षीच्या गणपतीत आमच्या मंडळाच्या ओसरीवर आरती संपली की दुसरा विषयच निघेना. ग्वाल्हेरच्या लष्कर भागातली आमची जुनी गल्ली, घरोघरी तीन-चार फोन आणि प्रत्येकाचा महिन्याचा खर्च वाढलेला. तरुण मंडळींचं म्हणणं, "सगळ्यांनी एकजुटीनं पोर्ट करा, कंपन्यांना चांगला धडा शिकवा." वडीलधाऱ्यांचं म्हणणं, "कशाला उगीच धावपळ? सगळे एकाच माळेचे मणी. आज इथून तिथे जाल, उद्या तिथेही दर वाढतील." तेव्हापासून हा वाद मी भाजीच्या गाडीपाशी ऐकला, मुंजीच्या पंगतीत ऐकला, बँकेच्या रांगेत ऐकला, आणि दर वेळी मला वाटत आलं की भांडण चुकीच्या जागी चाललं आहे. दोन्ही बाजू एकच प्रश्न धरून बसल्या आहेत : कुठली कंपनी बरी? नंबर तोच ठेवून कंपनी बदलण्याची, म्हणजे पोर्टिंगची, सोय दोघांच्याही लेखी स्वस्त रिचार्ज मिळवण्याची युक्ती आहे. एकाला ती लागू पडेल असं वाटतं, दुसऱ्याला ती फसलेली वाटते. मला हे मान्य नाही. नंबर हा आज माणसाचा पत्ता आहे, आणि कंपनी सोडताना तो पत्ता आपल्यापाशी राहणं हा आपला हक्क आहे. महिन्याला किती रुपये वाचले यावरून त्याचं मोल ठरत नाही, किती जणांनी तो वापरला यावरूनही ठरत नाही. ज्यांनी आयुष्यात एकदाही पोर्ट केलं नाही आणि पुढेही करणार नाहीत, त्यांनाही तो राखतो. भांडायचंच असेल तर हा हक्क कुठे कुठे कुरतडला जातो आहे, त्यावर भांडलं पाहिजे.

आमच्या घरी आईची फोनची वही आहे. विम्याच्या एजंटानं कुठल्याशा वर्षी दिलेली डायरी, निळं रेक्झिन कडांना सुटलेलं, आत आईच्या ठसठशीत अक्षरात नावं. 'क'च्या पानावर काका. त्यांच्या नावापुढे लँडलाइनचे चार नंबर आणि चारही खोडलेले. काका आधी शिंद्यांची छावणी या वस्तीत राहत, मग मुरारला गेले, मग परत लष्करात आले. जागा बदलली की एक्स्चेंज बदले आणि एक्स्चेंज बदललं की नंबर. २००२-०३ च्या सुमारास लँडलाइनच्या नंबरांना आधी २ लागला, तेव्हा आईनं एक अख्खी दुपार बसून वहीभर लाल पेनानं एकेक २ लिहिला. त्या लाल दोनांची उभी ओळ अजून पानापानावर दिसते. खोडलेल्या चारांच्या खाली काकांचा मोबाईल नंबर आहे, २००४ सालचा. तो एकदाही खोडलेला नाही. या वीस वर्षांत काकांनी तीनदा कंपनी बदलली, त्यातली एकदा तर कंपनीनंच गाशा गुंडाळला म्हणून. पण आईच्या वहीला त्याची खबरही लागली नाही.

या पानावरून मला एक गोष्ट नीट कळली, जी ओसरीवरच्या वादात कुणाच्याच बोलण्यात येत नाही. नंबर बदलला की त्रास एकट्या बदलणाऱ्याला होत नाही, तो त्याला ओळखणाऱ्या सगळ्यांना होतो. काकांचा शिंपी, त्यांचा दूधवाला, पुण्याची भाची, गुडघ्यावर इलाज करणारे डॉक्टर, प्रत्येकाला आपापली वही दुरुस्त करावी लागते, आणि ज्याला कळवायचं राहून गेलं त्याच्यापुरते काका हरवतात. आता त्यात भर पडली आहे. आधारचा ओटीपी त्याच नंबरावर, बँकेचा त्याच नंबरावर, गॅसचं बुकिंग त्याच नंबरावरून, यूपीआयचे पैसे त्याच नंबराला. लँडलाइन बदलली तेव्हा काकांचे फोन चुकले. आज मोबाईल नंबर गेला तर त्यांचं पेन्शनचं खातं उघडताना अडेल. शिवाय बंद पडलेला नंबर काही पडून राहत नाही. किमान ९० दिवसांची मुदत उलटली की तो नव्या ग्राहकाला देता येतो. म्हणजे तुमच्या बँकेचा मेसेज उद्या एखाद्या अनोळखी माणसाच्या खिशात वाजू शकतो.

हा नंबर आहे तरी कुणाचा? सरकारी धोरणात तो राष्ट्रीय संपत्ती मानला जातो. सरकार नंबरांच्या मालिका कंपन्यांना वापरायला देतं आणि कंपन्या त्यातला एकेक आपल्याला वापरायला देतात. मालकी कुणालाच दिलेली नाही. पण दहा आकड्यांच्या त्या कोऱ्या मालिकेला अर्थ कुणी आणला? कंपनीनं दिला तेव्हा तो नुसता आकडा होता. वीस वर्षं त्यावर सुखदुःखाचे निरोप घेऊन काकांनी त्याला काकांचा नंबर केला. आणि तरीही २०११ पर्यंत आपल्याकडे व्यवहार असा होता की कंपनी सोडायची तर नंबर तिच्या दारात ठेवून जायचं. वाईट सेवा सहन करणारे लाखो लोक कंपनीवरच्या प्रेमापोटी थांबलेले नव्हते, नंबरापायी अडकलेले होते.

ती अडकवणूक आपोआप सुटली नाही, हेही विसरू नये. सिंगापूरनं १९९७ मध्ये ही सोय सुरू केली, ब्रिटननं १९९९ मध्ये, अमेरिकेनं २००३ मध्ये. शेजारच्या पाकिस्तानातसुद्धा ती २००७ ला आली. आपल्या दूरसंचार नियामक प्राधिकरणानं, ट्रायनं, मार्च २००६ मध्येच तशी शिफारस केली होती. नियम व्हायला २००९ उजाडलं, मग तारखांवर तारखा पडल्या, २०१० च्या नोव्हेंबरात हरयाणातल्या रोहतकहून सुरुवात झाली आणि २० जानेवारी २०११ ला सगळ्या देशात. तीही आपापल्या सर्कलपुरती, म्हणजे मोबाईल सेवेसाठी देशाचे जे विभाग पाडले आहेत त्यातल्या आपल्या विभागापुरती. मध्य प्रदेश-छत्तीसगडचं सर्कल एक. आमच्याकडून मुरैना ओलांडून चंबळेचा पूल पार केला की धौलपूर, तिथे राजस्थानचं सर्कल सुरू. ग्वाल्हेरची मुलं नोकरीला जातात दिल्ली-गुडगावला, नाहीतर पुण्याला. ती गेली की एक तर रोमिंगचे पैसे भरायचे, नाहीतर नवा नंबर घ्यायचा. ३ जुलै २०१५ पासून एका सर्कलमधला नंबर दुसऱ्या सर्कलमध्ये नेता यायला लागला, तेव्हा कुठे लग्न होऊन पुण्याला गेलेल्या मुलीचा ग्वाल्हेरचा नंबर तिच्यासोबत राहिला. शिफारशीपासून इथवर यायला नऊ वर्षं लागली. ज्या सोयीनं काहीच फरक पडत नाही, ती द्यायला नऊ वर्षं कशाला लागतील?

आमच्या शहराला हा प्रश्न नवा वाटायचं कारण नाही. महाराज बाड्यावर उभं राहिलं की समोर टपाल कार्यालयाची दगडी इमारत दिसते. १८८५ मध्ये ग्वाल्हेर संस्थानानं इंग्रज सरकारशी टपालाचा करार केला. हिंदुस्थान सरकारच्याच तिकिटांवर ग्वाल्हेरचं नाव छापायचं, रोमनमध्ये आणि देवनागरीतही. ते तिकीट संस्थानात चालणार तसंच सगळ्या ब्रिटिश मुलखातही चालणार. इंदूरच्या होळकरांनी १८८६ मध्ये निराळा मार्ग धरला आणि तुकोजीरावांचं चित्र असलेलं स्वतःचं तिकीट काढलं. ते संस्थानच्या हद्दीपुरतं. हद्दीपलीकडे पत्र जायचं तर त्या तिकिटाचा उपयोग नव्हता. दोन्ही मराठी दरबार, दोघांचा स्वाभिमान सारखाच. पण पत्र लिहिणाऱ्या साध्या माणसाच्या बाजूनं पाहिलं तर फरक केवढा! ग्वाल्हेरच्या कारकुनानं लावलेलं अर्ध्या आण्याचं तिकीट थेट मद्रासपर्यंत जाई, कुणाचं नाव छापलं आहे याची वाटेत अडचण होत नसे. करारामुळे शिंद्यांचं नाव पुसलं गेलं नाही की टपाल खात्याचं नुकसान झालं नाही. अडवणूक तेवढी गेली. २०११ आधीचा मोबाईल नंबर इंदुरी तिकिटासारखा होता, आपल्या कंपनीच्या हद्दीत राजा आणि वेशीबाहेर कागद. पोर्ट करता येण्याजोगा नंबर हा ग्वाल्हेरी तिकिटासारखा आहे. नेणारा कोणीही असो, पत्ता चालतोच.

आता वडीलधाऱ्यांच्या आक्षेपाकडे येते, कारण तो वजनदार आहे आणि तो टाळून पुढे जाणं खोटेपणा होईल. २०२४ च्या जूनअखेरीस दोन दिवसांच्या आत तिन्ही खासगी कंपन्यांनी दरवाढ जाहीर केली आणि ३-४ जुलैला नवे दर लागू झाले. एकीनं वाढवले म्हणून दुसरीकडे जावं तर दुसरीनंही वाढवलेले. २०१० च्या आसपास एकेका सर्कलमध्ये दहा-बारा कंपन्या होत्या. आज तीन खासगी आणि एक सरकारी. अशा बाजारात निघून जाण्याच्या हक्काला अर्थ काय? मी मान्य करते की नुसत्या पोर्टिंगनं भाव खाली येत नाहीत. २०१६ च्या सप्टेंबरात जिओ आली आणि डेटाचे भाव कोसळले, ते नवा खेळाडू उतरला म्हणून. पण त्या वेळी नंबर जुन्या कंपनीकडे गहाण असते तर किती जण नव्या कंपनीकडे गेले असते? नवं सिम दुसऱ्या खाचेत घालून डेटापुरतं वापरलं असतं आणि जुन्याला रिचार्ज करत राहिले असते. नवा खेळाडू उतरतो तो लोक आपल्याकडे येऊ शकतील या भरवशावर. दार उघडं नसेल तर बाहेर कितीही चांगलं हॉटेल उघडलं तरी खानावळीतल्या माणसाला त्याचा उपयोग नाही.

आणि त्या जुलैतही काहीच झालं नाही असं नाही. ट्रायच्या आकड्यांत त्या एका महिन्यात तिन्ही खासगी कंपन्यांचे ग्राहक घटले आणि बीएसएनएलचे २९ लाखांहून अधिक वाढले. वर्ष संपेपर्यंत तो ओघ आटला, उलट गळती सुरू झाली, हेही खरं. बीएसएनएलकडे गेलेल्या पुष्कळांना वेग मिळाला नाही आणि ते परतले. दुसरी बाजू यालाच फसगत म्हणते. मला यात फसगत दिसत नाही. लोक गेले, पाहिलं, पटलं नाही, परत आले, आणि या सगळ्या येरझाऱ्यांत पोर्ट करून गेलेल्या एकाचाही नंबर बदलला नाही. २०११ आधी हाच प्रयोग करायचा तर दोनदा नंबर गमवावा लागला असता, म्हणून कुणी तो केलाच नसता. देशभरात सुरुवातीपासूनचे पोर्टिंगचे एकूण अर्ज २०२४ मध्ये १०० कोटींच्या वर गेले. सगळे एकाच माळेचे मणी असते तर लोकांनी इतक्या वेळा मणी बदलला असता का?

ते सारखे नाहीतच, आणि हे गल्लीत राहणाऱ्याला कळतं. आमच्या घराच्या भिंती जुन्या दगडी, दोन-दोन फूट जाडीच्या. आई जी कंपनी वापरत होती तिची रेंज मधल्या घरात यायची नाही. फोन वाजला की आई पोळपाट सोडून, हात पुसत गॅलरीत जायची आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात व्याह्यांशी बोलायची. समोरच्या वाड्यात तीच कंपनी उत्तम चालते. तेव्हा कुठली कंपनी बरी या प्रश्नाला सगळ्या शहरासाठी एक उत्तर असूच शकत नाही. ते भिंतीगणिक बदलतं, आणि म्हणूनच प्रत्येकाला आपल्या भिंतीपुरता निर्णय घेता आला पाहिजे.

पण आईचं पोर्टिंग सहज झालं नाही. २०२१ चा उन्हाळा होता. आईचा फोन बटणांचा. तिचा रिचार्ज सगळ्यात लहान, कारण तिला फक्त बोलायचं असतं. मी शेजारी बसले आणि तिनं स्वतः मेसेज टाइप केला : सातचं बटण एकदा दाबून पी, सहाचं तीनदा दाबून ओ, सातचं तीनदा दाबून आर, आठचं एकदा दाबून टी, मग आपला नंबर. १९०० ला पाठवला. गेला नाही. पुन्हा पाठवला, पुन्हा नाही. बाड्याजवळच्या दुकानात विचारलं तेव्हा कळलं की तिच्या लहान पॅकमध्ये मेसेज पाठवण्याची सोयच नव्हती. दुकानदार म्हणाला, "माताजी, पहले बड़ा वाला रिचार्ज डलवाइए, तब मैसेज जाएगा." म्हणजे जी कंपनी सोडायची तिलाच आधी जास्त पैसे द्यायचे. आईनं दिले. घरी येताना ती एवढंच म्हणाली, "घर सोडतानाही मालकाला नजराणा द्यायचा का गं?" चार दिवसांनी, रात्रीत काही तास फोन मुका राहून, सकाळी नवं सिम चालू झालं. आता ती स्वयंपाकघरातून बोलते. त्याच वर्षीच्या डिसेंबरात ट्रायनं सर्व कंपन्यांना आदेश दिला की रिचार्ज कितीचाही असो, पोर्टिंगचा मेसेज प्रत्येक प्रीपेड ग्राहकाला पाठवता आला पाहिजे. आदेश योग्यच. पण ही सोय सुरू होऊन तेव्हा जवळजवळ अकरा वर्षं झाली होती. सगळ्यात लहान रिचार्ज करणारी माणसं, म्हणजे बहुतेक म्हातारी, मजूर, घरकामाच्या बायका, त्या अकरा वर्षांत किती वेळा अशी दारातून परतली असतील? धडा शिकवायला निघालेल्या तरुणांनी कधी यांच्या वतीनं आवाज केला का?

पोर्टिंगच्या आडून फसवणूक होते, हा दुसरा आक्षेपही मी हलका मानत नाही. माझ्या आत्यालाही तसा फोन आला होता : तुमचा नंबर बंद होणार आहे, १९०० ला मेसेज पाठवा आणि जो कोड येईल तो सांगा. तो आठ अक्षरांचा कोड म्हणजे नंबराची किल्लीच. तो परक्याला मिळाला की खोट्या कागदांवर तुमचा नंबर दुसऱ्याच्या सिममध्ये जाऊ शकतो आणि मागोमाग बँकेचे ओटीपीही. आत्या शहाणी, तिनं फोन ठेवून नातवाला विचारलं. अशा प्रकारांमुळे काही जण म्हणतात, पोर्टिंग अवघड केलेलं बरं. १ जुलै २०२४ पासून एक नियम लागूही झाला आहे : हरवलं किंवा बिघडलं म्हणून सिम बदलून घेतलं तर त्यानंतर सात दिवस पोर्टिंगचा कोड मिळत नाही. चोर आधी खोट्या तक्रारीवर सिम बदलून घेतो आणि लगेच नंबर दुसरीकडे हलवतो, ती वाट त्यानं अडते. या नियमाला माझा पाठिंबा आहे. आठवडाभर थांबून कुणाचं घर बुडत नाही. पण याहून पुढे जाऊन सुरक्षेच्या नावाखाली सगळ्यांचंच जाणं अवघड करू नये. भोक कुठे आहे ते पाहा. दुकानात बसून कागद न तपासता सिम विकणारा माणूस हे भोक आहे. बनावट किल्ल्या करणारे असतात म्हणून भाडेकरूनं घरच बदलायचं नाही, असा कायदा कुणी करेल का? शिवाय २०१९ च्या १६ डिसेंबरपासून व्यवस्था बरीच सुधारली आहे. पूर्वी कोड जुनी कंपनीच तयार करायची आणि नंतर काहीतरी कारण काढून अर्ज फेटाळायची. आता मधल्या स्वतंत्र संस्था आधी पात्रता तपासतात आणि पात्र असेल तरच कोड तयार करतात. बहुतेक सर्कलांत कोड चार दिवस चालतो, आणि सर्कलमधल्या सर्कलमध्ये काम कामकाजाच्या तीन दिवसांत होतं. जिला सोडून जायचं तिच्याच हातात परवानगी नको, हे तत्त्व एकदा मान्य झालं आहे. त्यावरून मागे फिरण्याचं कारण नाही.

तिसरा आक्षेप लहान आहे. म्हणतात, कंपन्या एकमेकींचे ग्राहक फोडण्यात पैसा घालवतात, तो टॉवर उभे करण्यात गेला असता. नव्यांना सवलती, जुन्यांना काही नाही, ही तक्रार खरी आहे. पण जुन्या ग्राहकाला तरी कुणी का विचारावं? तो जाऊ शकतो ही भीती असते म्हणूनच. ती भीती काढून घेतली तर टॉवर वाढतील, असा भरवसा १९९५ ते २०११ मधल्या अनुभवावरून तरी वाटत नाही.

मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते यापुढचं. या हक्काची किंमत भावाच्या तराजूवर मोजणारे एक गोष्ट विसरतात : कंपन्या मरतात. २०१२ च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयानं १२२ परवाने रद्द केले. २०१७ च्या डिसेंबरात रिलायन्स कम्युनिकेशन्सनं बोलण्याची सेवा बंद केली. २०१८ च्या जानेवारीत एअरसेलनं मध्य प्रदेश आणि गुजरातसह सहा सर्कलांतून काढता पाय घेतला आणि महिन्याभरात दिवाळखोरीचा अर्ज केला. कोट्यवधी लोकांनी या कंपन्या स्वतः सोडल्या नव्हत्या, कंपन्यांनीच त्यांना सोडलं. त्यात सगळ्यात निष्ठावंत ग्राहक होते, शेवटपर्यंत न हललेले. पोर्टिंग नसतं तर त्या प्रत्येकाचा नंबर कंपनीबरोबर गेला असता. "मी कधी कंपनी बदलत नाही, मला काय करायचंय" असं जे ओसरीवर अभिमानानं सांगतात, त्यांना मला हेच सांगायचं आहे. तुम्ही बदलणार नाही, पण कंपनी बुडू शकते, विकली जाऊ शकते, दुसरीत मिसळू शकते. आज चारच उरल्या आहेत. त्यातली आणखी एक गेली तर? त्या दिवशी तुमचा पत्ता तुमच्यापाशी असेल, तो धडा शिकवायला निघालेल्या त्या उतावळ्या पोरांमुळे नव्हे, तर २०११ च्या नियमामुळे.

म्हणून माझ्या मागण्या वेगळ्या आहेत. पहिली शिल्लक पैशांची. आज प्रीपेड ग्राहक पोर्ट झाला की त्याची शिल्लक आणि उरलेली मुदत बुडते. वर्षाचा रिचार्ज करून दोन महिन्यांत रेंज गेली तर दहा महिन्यांचे पैसे सोडून द्या, नाहीतर रेंजशिवाय दहा महिने काढा. यापेक्षा मोठं कुलूप कुठलं? कंपन्या म्हणतील, वर्षाचे पैसे एकदम घेतो म्हणून तर सवलत देतो. मग दिलेली सवलत कापून घ्या आणि बाकीचे परत करा. रेल्वे तिकीट रद्द केलं तर कापून घेते, पण सगळेच ठेवत नाही. शंभर वर्षांहून जुन्या रेल्वेला जे जमतं ते यांना का जमू नये? दुसरी मागणी माझ्या आईसारख्यांची. १९०० ला इंग्रजी अक्षरांत मेसेज करणं हे कोट्यवधी लोकांना येत नाही. ते दुकानदाराच्या हातात फोन देतात आणि त्याच्यावर विसंबतात, म्हणजे फसवणुकीचं दार तिथेच उघडतं. जम्मू-काश्मीरच्या प्रीपेड ग्राहकांसाठी १९०० वर फोन करून कोड मागण्याची सोय केलेली आहे. तीच देशभर करावी, आपापल्या भाषेत, आणि कोड सांगताना "हा कोणालाही सांगू नका" हेही त्याच भाषेत सांगावं. तिसरी गोष्ट मागणी म्हणून मांडायला अवघड आहे, पण वडीलधाऱ्यांच्या आक्षेपाचं खरं उत्तर तिथेच आहे. जाण्याचा हक्क असून चालत नाही, जायला जागाही लागते. बीएसएनएल धड चाललं पाहिजे. ते सरकारी म्हणून नव्हे, तर तिघांनी दोन दिवसांत दर वाढवले तेव्हा चौथी जागा तेवढीच उरली होती म्हणून. तिथे गेलेल्यांतले पुष्कळ जण परत का आले याचा हिशोब कंपन्यांकडे नव्हे, सरकारकडे मागायला हवा. ट्राय नवे नियम करण्याआधी लोकांची मतं मागवते, ती कुणीही पाठवू शकतो. ओसरीवर घसा कोरडा करण्यापेक्षा ती पाठवली तर कुणाच्या तरी टेबलावर पोहोचतील.

आमच्या मंडळानं यंदा सभासदांची पत्त्यांची पुस्तिका पुन्हा छापायला घेतली आहे. जुनी आवृत्ती २००५ ची. नंबर तपासण्याचं काम माझ्याकडे आणि आईकडे आलं. जुनी पुस्तिका मांडीवर घेऊन आई एकेक नंबर वाचते, मी लावते. लँडलाइनचे बहुतेक सगळे मुके आहेत. मोबाईलवर मात्र बरेचदा पलीकडून ओळखीचा आवाज येतो, क्वचित पुण्याहून, एकदा तर बंगळूरहून. काल मुरारच्या एका वहिनींनी फोन उचलला आणि आधी त्यांना खरंच वाटेना. म्हणाल्या, "अगं, हा नंबर तुमच्याकडे अजून आहे?" आईनं स्वयंपाकघरातूनच ओरडून सांगितलं, "पुस्तिकेत छापलाय की!"